क्रमांक सरकारचा, नाव खलाशांचं

२४ ऑक्टोबर १९४४ची रात्र. फिलिपिन्समधल्या सुरिगाव सामुद्रधुनीच्या तोंडाशी अमेरिकन नौदलाच्या ३९ टॉर्पेडो बोटी तिघातिघांच्या टोळ्या करून दबा धरून बसल्या होत्या. जपानी युद्धनौकांचा ताफा दक्षिणेकडून येणार हे माहीत होतं. तो दिसला की आधी खबर द्यायची आणि मग हल्ला करायचा, असा हुकूम होता. बोहोल बेटाच्या बाजूला असलेल्या तीन बोटींना तो सर्वांत आधी सापडला. नौदलाच्या कागदांत त्या बोटी पीटी-१३०, पीटी-१३१ आणि पीटी-१५२ आहेत. त्यांच्यावर राहणारी माणसं मात्र त्यांना 'न्यू गिनी क्रड', 'टारफू' आणि 'लॅकानूकी' म्हणत.

जपानी विनाशिकांनी प्रकाशझोत टाकून तोफा सुरू केल्या. १५२ला गोळा लागून पुढच्या तोफेवरचा खलाशी मेला, बोटीला आग लागली. १३०वर आलेला गोळा तिच्याच टॉर्पेडोच्या स्फोटक भागाला घासून, न फुटता, आरपार निघून गेला. तिचा रेडिओ बंद पडला होता. तेव्हा तिच्या कप्तानाने बोट वळवली, शेजारच्या टोळीकडे पळवली आणि पीटी-१२७च्या रेडिओवरून मध्यरात्रीनंतर निरोप धाडला. पुढे थांबलेल्या अ‍ॅडमिरल ओल्डनडॉर्फच्या ताफ्याला शत्रू नेमका कुठे आहे हे त्यातून कळलं. त्या रात्रीची लढाई ही बॅटलशिप, म्हणजे सगळ्यात अवजड तोफांच्या युद्धनौकांनी, बॅटलशिपांशी केलेली शेवटची लढाई मानली जाते. तिची पहिली खबर आणणाऱ्या बोटीचं नाव होतं एका त्वचारोगावरून. न्यू गिनीच्या दमट हवेत सैनिकांच्या काखेत, जांघेत, पायाच्या बोटांत जे चिघळायचं, त्याला ते 'क्रड' म्हणत.

माझ्या मते हे नाव त्या निरोपाइतकंच इतिहासात नोंदलं गेलं पाहिजे. युद्धसंग्रहालयात, सरकारी नोंदवहीत, बोटीशेजारच्या पाटीवर, क्रमांकाच्या बरोबरीने. आणि नोंदवायचं तर सगळंच नोंदवायचं. गोंडस तेवढं ठेवून बाकीचं गाळायचं नाही. वाद आहे तो या दुसऱ्या वाक्यावर.

आधी बोटींबद्दल थोडं. 'पीटी' म्हणजे गस्ती टॉर्पेडो बोट. लांबी ७८ ते ८० फूट, महोगनीच्या फळ्यांचे दोन तिरपे थर, आत पॅकार्डची तीन इंजिनं आणि त्यांच्यासाठी तीन हजार गॅलन, म्हणजे अकरा हजार लिटरच्या आसपास, विमानाचं पेट्रोल. वेग ४० नॉटच्या, म्हणजे ताशी ७४ किलोमीटरच्या, घरात. चिलखत जवळपास नाहीच. डझन-पंधरा माणसं या पेट्रोलच्या टाकीवर झोपत, जेवत आणि रात्री लढायला निघत. अमेरिकेत बॅटलशिपांना राज्यांची नावं, क्रूझरना शहरांची, विनाशिकांना नौदलातल्या वीरांची, पाणबुड्यांना माशांची. या बोटींना फक्त आकडा. सेवेत दाखल होण्याचा मान, ज्याला कमिशन म्हणतात, तोसुद्धा एकेका बोटीला नसे. तो अख्ख्या स्क्वाड्रनला, म्हणजे बोटींच्या तुकडीला, मिळे. बोट म्हणजे स्क्वाड्रनचा एक नग. खर्ची पडली तर यादीतून एक आकडा कमी.

या आकड्यांच्या शेजारी, कॉकपिटच्या कडेला, खलाशांनी स्वतः ब्रश घेऊन नावं रंगवली. आपल्याकडे हर्णै किंवा ससून डॉकला उभ्या असलेल्या मच्छीमार बोटीवर मत्स्य खात्याचा नोंदणी क्रमांक असतो आणि त्याच्याहून ठळक अक्षरांत मालकाने ठेवलेलं नाव असतं, तसंच हे वरवर दिसतं. फरक एवढाच की कोळ्याची बोट त्याची स्वतःची असते. पीटी बोटीवरच्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांचं त्या बोटीत काहीच नव्हतं, अंगावरचे कपडेही सरकारचे. त्यामुळे त्यांनी नाव ठेवणं हे एक प्रकारचं अतिक्रमण होतं. वरिष्ठांनी बहुतेक वेळा त्याकडे काणाडोळा केला, हा त्यांचा शहाणपणा.

आता ही नावं वाचू. 'टारफू' ही सैनिकी आद्याक्षरांची करामत आहे: परिस्थितीचा पार विचका झाला आहे, असा अर्थ, आणि मूळ वाक्यातला एक शब्द चारचौघांत उच्चारण्यासारखा नाही. 'लॅकानूकी' उघडउघड बाईच्या सहवासाच्या अभावावर. एका बोटीचं नाव 'एसेस अँड एट्स', म्हणजे पत्त्यांतले एक्के आणि अठ्ठे. १८७६ साली वाइल्ड बिल हिकॉक नावाच्या पिस्तूलबाजाला जुगाराच्या टेबलावर गोळी घातली गेली तेव्हा त्याच्या हातात हीच पानं होती अशी दंतकथा आहे. म्हणून अमेरिकेत त्याला मेलेल्या माणसाचा हात म्हणतात. रोज रात्री त्या हातावर डाव लावून बाहेर पडणाऱ्या माणसांनी तो बोटीवर रंगवला होता.

यात वीरश्री शोधून सापडत नाही. खाज, वैताग, वासना, मरणाची थट्टा, एवढंच आहे. खलाशांची घरी जाणारी पत्रं अधिकारी वाचत आणि नको ते कापत. अंगावर फोड उठलेत, अन्न डब्यातलं आहे, इंजिनाचे सुटे भाग मिळत नाहीत, टॉर्पेडो धड चालत नाहीत, असं लिहायची सोय नव्हती. वरिष्ठांकडे अर्ज करूनही काही होणार नव्हतं. अशा ठिकाणी बोटीच्या अंगावर 'विचका' असं लिहून ठेवणं ही तक्रारच होती, आणि सेन्सॉरच्या कात्रीला न सापडणारी. टॉर्पेडोबद्दलची तक्रार खरी होती हेही सांगतो. ज्या रात्री जॉन केनेडीची पीटी-१०९ बुडाली, त्या १-२ ऑगस्ट १९४३च्या रात्री १५ बोटी चार जपानी विनाशिकांवर चालून गेल्या होत्या. एकही टॉर्पेडो लागला नाही. जुन्या मार्क-८ टॉर्पेडोच्या नळ्यांतली बारूद पेटली की असा भडका उडे की अंधारातली बोट शत्रूला आयती दिसे. लढाईनंतरच्या अहवालात हे सगळं शिस्तीच्या भाषेत येतं. नावात ते शिवीसकट येतं.

म्हणून नावं म्हणजे पोरखेळ, इतिहास आकड्यांवर लिहावा, हे म्हणणं मला पटत नाही. बोट कुठे होती, कधी होती, कोणत्या स्क्वाड्रनची होती हे आकडा सांगतो. तिथे असणं कसं होतं हे त्याला सांगता येत नाही, आणि ते सांगणारा दुसरा कागद बहुतेक वेळा कुणी केलेलाच नसतो.

केनेडीचीच गोष्ट घ्या. पीटी-१०९ला 'अमागिरी' ही विनाशिका आदळली, दोन खलाशी गेले, उरलेल्या अकरा जणांनी पोहत एक बेट गाठलं. बियुकू गासा आणि एरोनी कुमाना या सॉलोमन बेटांवरच्या दोघा तरुणांनी करवंटीवर कोरलेला निरोप पोचवला आणि सुटका झाली. पुढे केनेडी अध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा १०९च्या आकाराच्या टाय-पिना प्रचारात वाटल्या गेल्या. आकड्याचंच नाव झालं, आणि तेही जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध बोटींपैकी एकीचं. त्यांना आणायला गेलेली बोट होती पीटी-१५७, कप्तान विल्यम लिबेनाऊ. हीच ती 'एसेस अँड एट्स'. पुढे अध्यक्ष होणाऱ्या माणसाला मेलेल्या माणसाच्या हाताने उचलून आणलं, यातली गंमत कुण्याही पटकथाकाराला सुचली असती तर त्याला अतिशयोक्तीबद्दल बोलणी बसली असती. पण ती किती जणांना माहीत आहे? सरकारी स्मृतीत आकडा राहिला, कारण आकड्यावर एक मोठा माणूस बसला होता.

याचा कळस २० जानेवारी १९६१ला झाला. केनेडींच्या शपथविधीच्या मिरवणुकीत पीटी-१०९ दाखवायची होती, पण ती सॉलोमनच्या समुद्राच्या तळाशी. मग पीटी-७९६ आणली, तिच्यावर १०९ हा आकडा रंगवला आणि जुने सहकारी तिच्यावर उभे करून वॉशिंग्टनच्या थंडीत फिरवली. ७९६ ही युद्ध संपता संपता बांधलेल्या शेवटच्या बोटींपैकी एक. तिचं टोपणनाव 'टेल एंडर', शेपटाकडची. लढाई तिने पाहिलीच नाही. तिच्या खलाशांनी ही उशिरा आल्याची खंत, किंवा सुटल्याचा आनंद, जे काही असेल ते, हसत बोटीवर लिहिलं. आणि सरकारने तिला पहिल्यांदा जगासमोर आणलं ते दुसरीचा आकडा चढवून. आज ती मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हरच्या संग्रहालयात स्वतःच्या क्रमांकाने उभी आहे, हे बरं झालं.

तिच्या शेजारीच दुसरी बोट आहे, पीटी-६१७. एल्को कंपनीच्या ८० फुटी बोटींचा पाहायला मिळणारा दुर्मीळ नमुना. या दोन्ही बोटी अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा यादीत आहेत, आणि यादीत त्यांची नोंद अर्थातच आकड्यांनी. ६१७चं टोपणनाव 'ड्रॅगन लेडी'. तिथे माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा सुरू होते. ड्रॅगन लेडी ही १९३४पासून अमेरिकन वर्तमानपत्रांत येणाऱ्या एका चित्रमालिकेतली पूर्वेकडची चाचीण: देखणी, कावेबाज, विश्वास ठेवू नये अशी. आशियातली बाई म्हणजे अशीच, हा साचा त्या नावाने अमेरिकन डोक्यांत पक्का बसवला, आणि पुढच्या कित्येक आशियाई-अमेरिकन बायकांना तो टोमणा म्हणून ऐकावा लागला. संग्रहालयाच्या पाटीवर हे नाव असावं का?

असावं. आणि त्याखाली दोन ओळींत हेही असावं की हे नाव कुठून आलं आणि त्यात आशियाई बाईकडे कशा नजरेने पाहिलं आहे. नाव खरवडून काढलं तर त्या काळची ती नजरही खरवडली जाते आणि बोट आहे त्याहून स्वच्छ दिसते. नुसतं ठेवलं तर तो साचा पुढच्या पिढीला फुकट वाटल्यासारखं होतं. दोन ओळींची पाटी लावायला जागा लागत नाही. हिंमत थोडी लागते, कारण दुकानातल्या टोप्यांवर आणि कपांवर 'ड्रॅगन लेडी' छान खपतं, खालच्या दोन ओळी खपत नाहीत.

यापेक्षा वजनदार आक्षेप वेगळा आहे. तो असा: टोपणनाव मारणाऱ्या यंत्राला माणसाळवतं. पीटी-१९१चं नाव होतं 'बॅम्बी', नुकत्याच गाजलेल्या डिस्नेच्या चित्रपटातल्या हरणाच्या पाडसावरून. डिस्नेच्या स्टुडिओने या बोटींसाठी टॉर्पेडोवर स्वार झालेल्या डासाचं बोधचिन्हही काढून दिलं होतं. 'डासांचा ताफा' हे त्यांचं सामूहिक नाव. बॅम्बी म्हटलं की आपण बोटीच्या बाजूने झालोच. समोरच्या बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या वाहतुकीच्या होडीवर, भुकेलेले जपानी सैनिक आहेत, त्यांच्या बार्जला नाव नाही, हे आपल्या लक्षातही येत नाही.

आक्षेप खरा आहे, आणि त्याला आधार आहे. मार्च १९४३मध्ये बिस्मार्क समुद्रात दोस्तांच्या विमानांनी जपानी काफिला बुडवल्यावर शेकडो माणसं तराफ्यांवर आणि लहान होड्यांत तरंगत होती. विमानांनी आणि पीटी बोटींनी त्यांच्यावर मशिनगन चालवल्या. ही माणसं किनाऱ्याला लागली तर पुन्हा बंदूक घेऊन उभी राहतील, असं कारण तेव्हा दिलं गेलं. कारण लष्करी हिशेबात बसतं. तरी पाण्यातल्या माणसांना मारलं ही गोष्ट बदलत नाही. हे काम केलेल्या स्क्वाड्रनच्या कौतुकात टोपणनावांची यादी हसत वाचणाऱ्याला हा प्रसंगही वाचायला मिळाला पाहिजे, हे मी मान्य करतो.

पण त्यावरून नावं पुसावीत हा निष्कर्ष निघत नाही. मारण्याला सोयीस्कर करण्यात आकडा नावाच्या चार पावलं पुढे आहे. 'अमुक क्रमांकाच्या दोन बोटींनी वाचलेल्यांचा बंदोबस्त केला' या वाक्यात कुणी माणूसच नाही, ना मारणारा ना मरणारा. नाव आलं की निदान एका बाजूला माणसं दिसतात: ज्यांना घरची आठवण येत होती, ज्यांना हरणाचं पाडस आवडलं होतं, आणि ज्यांनी हेही केलं. ही दोन्ही माहिती एका पानावर आली की वाचणारा अस्वस्थ होतो, आणि युद्धाच्या संग्रहालयातून माणूस अस्वस्थ होऊन बाहेर पडला तर संग्रहालयाने काही चुकीचं केलं असं मला वाटत नाही.

संग्रहालयांची खरी ओढ मात्र अस्वस्थतेकडे नसते, गोडव्याकडे असते. पीटी-३०५ हे त्याचं चांगलं उदाहरण. न्यू ऑर्लिन्सच्या हिगिन्स कारखान्यात ती बांधली गेली, भूमध्य समुद्रात लढली. युद्धानंतर विकली गेली, न्यूयॉर्कला पर्यटकांना फिरवू लागली, मग चेसापीक खाडीत कालवं गोळा करायला लागली. ६५ फुटांहून लांब बोटींना लागू होणारे तटरक्षक दलाचे नियम टाळण्यासाठी मधल्या कुठल्यातरी मालकाने तिचं मागचं टोक चक्क कापून टाकलं. न्यू ऑर्लिन्सच्या दुसऱ्या महायुद्ध संग्रहालयाने ती मिळवली, स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून तिचं शेपूट पुन्हा जोडलं आणि २०१७ला ती पाँचरट्रेन सरोवरात इंजिनांच्या आवाजासह धावली. हे काम थोर आहे, त्यात वाद नाही. पण या बोटीला युद्धात नावं होती तीन: 'सडन जर्क', 'हाफ हिच' आणि 'बारफ्लाय', म्हणजे अचानक बसणारा हिसका, दोरीची एक गाठ आणि दारूच्या गुत्त्यावर पडीक असणारा. आज लोक तिला 'सडन जर्क' म्हणून ओळखतात. कुठलं तरी एक ठळक करावं लागतं हे समजतं. लाकडाला तीनदा रंग देता येत नाही. तरी पाटीवर तिन्ही नावं बरोबरीच्या टायपात हवीत. कारण एकाच बोटीची नावं बदलली याचा अर्थ तिच्यावरची माणसं बदलली, आणि येणाऱ्यांना आधीच्यांचं नाव आपलं वाटलं नाही. एकच नाव मिरवलं की बोट हे कायमचं एक पात्र होऊन बसतं, आणि तिच्यावरून आलेली-गेलेली माणसं त्या पात्राची नोकर होतात.

सुरिगावला परत जातो, कारण तिथली एक नोंद मला नेहमी खिळवते. त्या रात्री ३९ पैकी ३० बोटी शत्रूशी भिडल्या, दहांना गोळे लागले, तीन माणसं मेली, वीस जखमी झाली. बुडाली एकच: पीटी-४९३, 'कॅरोल बेबी'. मेलेल्या तिघांपैकी दोघे तिच्यावरचे. गोळ्यांनी चाळण झालेली बोट पानाओन बेटाच्या खडकांवर चढली, माणसं उतरली, सकाळच्या भरतीने ती सुटून खोल पाण्यात गेली. आणि पीटी बोटींचा त्या रात्रीचा लागलेला टॉर्पेडो होता पीटी-१३७चा, टोपणनाव 'द डचेस'. तिने नेम धरला होता एका विनाशिकेवर. टॉर्पेडो तिला चुकवून पलीकडच्या 'अबुकुमा' क्रूझरवर आदळला. अहवालात हे सगळं आकड्यांत आहे, आणि अहवाल म्हणून ते बरोबरच आहे. मात्र आज पाटी लिहिणाऱ्याने अहवालाचीच शिस्त पाळायची काही गरज नाही.

युद्ध संपल्यावर या बोटींचं काय झालं हेही आकड्यांच्या तर्काला धरूनच. फिलिपिन्सच्या सामार बेटावर शंभराहून अधिक बोटी गोळा केल्या, इंजिनं आणि उपयोगाचं सामान काढून घेतलं आणि किनाऱ्यावर पेटवून दिल्या. लाकूड किडलेलं, मायदेशी न्यायचा खर्च परवडणारा नाही. हिशेब चोख होता. ज्यांच्यावर नावं रंगवलेली होती, ती नावंही गेली. आज जी माहीत आहेत ती छायाचित्रांत दिसतात म्हणून, किंवा म्हाताऱ्या खलाशांनी सांगितली म्हणून.

हा शेवटचा मुद्दा आपल्याला लागू आहे. आपल्या नौदलाच्या छोट्या लढाऊ बोटी जन्मतःच नाव घेऊन येतात. सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्र बोटींना दिल्लीने निपात, निर्घात, वीर, विनाश अशी नावं दिली, आणि ४ डिसेंबर १९७१च्या रात्री त्यातल्या तिघींनी कराची बंदरावर केलेल्या हल्ल्यावरून नौदल दिन ठरला. नावं भारदस्त आहेत, पण ती कार्यालयाने दिलेली. मुंबईला ठाणं असलेल्या त्या बोटींच्या पोटात, इंजिनांच्या गरमीत, ओकाऱ्या काढत राहिलेली मुलं आपापसात बोटीला काय म्हणत होती, साहेबाला काय म्हणत होती, हे 'निपात' या नावातून कळणार नाही. त्याच जातीची नंतरची बोट 'आयएनएस चपळ' कारवारच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे. गोव्याला जाता-येता पुष्कळ मराठी कुटुंबं तिच्यावर चढून फोटो काढतात. तिथे वजन, लांबी, क्षेपणास्त्राचा पल्ला ही माहिती असणं योग्यच आहे. तिच्यावर राहिलेल्यांची बोलीही तिथे असायला हवी.

त्यासाठी मोठा खर्च नको. १९७१चे खलाशी आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांतले कित्येक रत्नागिरी-सिंधुदुर्गात, साताऱ्यात, गोव्यात निवृत्तीचं आयुष्य काढत असतील. नौदल दिनाला त्यांना बोलावतात, शाल-श्रीफळ देतात आणि 'अनुभव सांगा' म्हणून माइकसमोर उभं करतात. माइकसमोर माणूस भाषणच करतो. त्याऐवजी मुंबई किंवा गोवा विद्यापीठाच्या इतिहास विभागातल्या दोन विद्यार्थ्यांनी रेकॉर्डर घेऊन त्यांच्या ओट्यावर बसावं, चहा घ्यावा आणि विचारावं: काका, बोटीला तुम्ही आपसात काय म्हणायचात? निम्मी उत्तरं छापण्याजोगी नसतील. ती आधी लिहून घ्यावीत.